हवा फिरतेय, पण बदलतेय का?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

बंद खोलीतली हवा आणि सर्दी-तापाची साथ या विषयावर गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी सोलापूर आणि परिसरातली काही निवडक इथे घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली आहेत. सारखेच प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : नवी पेठेत आमची ४० खुर्च्यांची अभ्यासिका आहे. हॉल ४० फूट बाय २० फूट, उंची १० फूट. दोन एसी, दारे-खिडक्या बंद. एका मुलाला सर्दी-ताप आला की आठ दिवसांत निम्मा हॉल खोकत असतो. एसीच्या जाळ्या आम्ही दर पंधरा दिवसांनी धुतो. आणखी काय करायला हवे? – अभ्यासिका चालक

जाळ्या धुता हे चांगलेच, वीजबिल कमी येते. पण त्या जाळीत धूळ आणि केस अडकतात, विषाणू नाही. बोलताना, खोकताना, नुसता श्वास सोडतानाही जे बारीक तुषार बाहेर पडतात त्यातले बरेचसे पाच मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान असतात. ते जाळीतून सरळ आरपार जातात आणि तासन्‌तास तरंगत राहतात.

खरी गफलत वेगळीच आहे. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. भिंतीतून बाहेर जाणाऱ्या तांब्याच्या नळ्यांत गॅस असतो, हवा नव्हे. एसी खोलीतली हवा ओढतो, गार करतो आणि त्याच खोलीत सोडतो. हवा फिरत राहते, बदलत नाही. चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या एका रेस्टॉरंटमध्ये जानेवारी २०२० मध्ये एकाच ओळीत शेजारी-शेजारी बसलेल्या तीन कुटुंबांतल्या १० जणांना कोरोना झाला. नंतर मोजमाप केले तेव्हा दिसले की एसी त्या तीन टेबलांवरून तीच हवा फिरवत होता आणि बाहेरची हवा माणशी सेकंदाला जेमतेम एक लिटर मिळत होती.

आता तुमच्या हॉलचा हिशेब. ४० गुणिले २० गुणिले १० म्हणजे ८,००० घनफूट. ३५.३ ने भागा, २२७ घनमीटर. शांत बसलेला माणूस तासाला सुमारे १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. हॉल भरलेला असेल तर अधूनमधून दार उघडले तरी तासाभरात हा वायू मोजणाऱ्या मीटरवर अडीच हजार पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत अडीच हजार भाग) पुढचा आकडा दिसेल. बाहेर तो सव्वाचारशेच्या आसपास असतो. मुलांना दुपारी येणाऱ्या पेंगेत जेवणाइतकाच याचाही वाटा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सार्वजनिक जागांसाठी माणशी सेकंदाला १० लिटर बाहेरची हवा असा आकडा दिला. अंघोळीची एक छोटी बादली दर सेकंदाला, असे समजा. ४० जणांना ४०० लिटर, म्हणजे तासाला १,४४० घनमीटर. बारा इंची एक्झॉस्ट पंख्याच्या खोक्यावर कंपनीप्रमाणे हजारापासून अठराशे घनमीटरपर्यंत आकडा असतो, पण तो पंखा मोकळ्यावर चालवून मोजलेला. भिंतीत बसवला, मागे पाकळ्यांची झडप आणि पुढे जाळी आली की त्यातला तिसरा हिस्सा तरी गेला असे धरा. तुम्हाला बारा इंची दोन पंखे लागतील. मिनिटाला ९०० फेऱ्यांचे घ्या. १,४०० फेऱ्यांचा आवाज अभ्यासिकेत कुणी दोन दिवस सहन करणार नाही, आणि तिसऱ्या दिवशी पंखा बंद झालेला असेल.

पंखे बसवताना नेमके चुकते ते इथे. दोन्ही पंखे दाराशेजारच्या भिंतीत बसवले तर दारातून आलेली हवा दोन हातांवरून बाहेर पडते आणि हॉलचे मागचे टोक तसेच कोंदट राहते. पंखे एका टोकाला वरच्या बाजूला, आणि हवा आत यायची वाट समोरच्या टोकाला खालच्या बाजूला हवी. ही वाट किमान तीन चौरस फूट मोकळी असावी. तिला डासांची जाळी लावणार असाल तर सहा चौरस फूट, कारण नवी जाळीही बरीच हवा अडवते, आणि आपल्याकडच्या धुळीने ती महिन्याभरात निम्मी बुजते. आत येण्याची वाट न ठेवता नुसते पंखे लावले तर ते जोरात फिरतात, आवाज करतात आणि हवा जवळपास हलवत नाहीत.

एसीचे काय, हा पुढचा प्रश्न येणारच. एप्रिलच्या दुपारी ४२ अंशाची एवढी हवा २६ अंशावर आणायला सुमारे दोन टनांचा जादा भार पडतो. तो पेलणार नसेल तर दुपारी १२ ते ५ एकच पंखा चालवा आणि उरलेली कमी फिल्टरने भरून काढा. फिल्टरची पेटी कशी करायची ते पुढे एका उत्तरात दिले आहे. सकाळी, संध्याकाळी आणि रात्री मात्र दोन्ही पंखे चालू. सोलापूरची रात्र मे महिन्यातही दुपारपेक्षा पुष्कळ सुसह्य असते. तिचा फायदा न घेणारी अभ्यासिका वीजही वाया घालवते.

प्रश्न : मग कूलर बरा की एसी? – विजापूर रोड

साथीच्या दृष्टीने कूलर, तोही खिडकीबाहेर बसवलेला. तो शंभर टक्के बाहेरची हवा आत ढकलतो. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात ४२ अंशाची हवा चांगल्या ओल्या पॅडमधून २७-२८ अंशापर्यंत उतरते. पण त्यासाठी समोरची खिडकी किंवा दार उघडे हवे. सगळे बंद करून कूलर लावला की खोली दमट होते, घाम वाळत नाही, आणि लोक कूलरला दोष देतात. तोच कूलर खोलीच्या आत ठेवला तर तीच हवा पुन्हा पुन्हा ओली होते. त्याचा ना गारव्याला उपयोग, ना हवा बदलायला. कूलर आणि एसी एकत्र चालवू नका, कूलरने घातलेले पाणी एसीला परत काढावे लागते. टाकीतले पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून कडा घासा, नाहीतर विषाणूपासून वाचून डेंग्यूचे डास पाळाल. पावसाळ्यात कूलर निकामी ठरतो. तेव्हा बाहेर गारच असते, खिडकी पुरते.

प्रश्न : शाळेच्या वर्गासाठी कार्बन डायऑक्साइड मीटर घ्यायचा आहे. ऑनलाइन शेकडो प्रकार दिसतात. खरा कसा ओळखावा आणि वापरावा कसा? – शिक्षिका, जुळे सोलापूर

वर्णनात ‘एनडीआयआर’ हा शब्द शोधा. त्या यंत्रात अवरक्त किरणाने वायू प्रत्यक्ष मोजला जातो. अगदी स्वस्तातल्या बहुतेक यंत्रांत हवेतल्या वासांच्या रसायनांवरून अंदाज बांधून आकडा दाखवतात. ओळखायची युक्ती सोपी आहे. यंत्राजवळ हातावर सॅनिटायझर चोळा. आकडा एकदम उसळला तर यंत्र खोटे. खऱ्या यंत्राला सॅनिटायझरने काही होत नाही, त्यावर फुंकर मारली की मात्र ते उसळते.

घरी आणल्यावर गच्चीत २० मिनिटे ठेवा, आकडा ४०० ते ४५० मध्ये यायला हवा. बऱ्याच यंत्रांत स्वतःहून शून्य जुळवायची सोय असते. आठवड्याभरातला सर्वांत कमी आकडा म्हणजे बाहेरची हवा, असे ते धरून चालते. यंत्र आठवडाभर बंद खोलीतच राहिले तर ते चुकीचे शिकते आणि आकडा कमी दाखवू लागते. म्हणून दर शनिवारी ते बाहेर काढा.

वर्गात ते मुलांच्या डोक्याच्या उंचीवर, कुणाच्याही तोंडापासून तीन-चार फूट लांब ठेवा. खिडकीत किंवा पंख्याच्या झोतात नको. ८०० च्या आत असेल तर निश्चिंत. हजार ओलांडला की आणखी एक खिडकी. दीड हजार म्हणजे वर्ग पाच मिनिटे बाहेर काढून सगळे उघडा. बाहेरच्यापेक्षा ४०० ने आकडा चढला की तुमच्या प्रत्येक श्वासातला साधारण शंभरावा भाग कुणाच्या तरी फुफ्फुसातून आधीच जाऊन आलेला असतो. मुलांना हे असेच सांगा, खिडक्या ती स्वतः उघडतात.

याच मीटरने वर्गाची हवा तासात किती वेळा बदलते तेही काढता येते. वर्ग सुटताना आकडा पाहा. समजा १,६२०. बाहेरचे ४२० वजा करा, जादा राहिले १,२००. मुले बाहेर गेली, खिडक्या नेहमी असतात तशाच ठेवा, आणि हे १,२०० उतरून ४४० वर, म्हणजे मीटरवर ८६० वर यायला किती मिनिटे लागतात ते घड्याळात बघा. ६० ला त्या मिनिटांनी भागा. ३० मिनिटे लागली तर तासाला दोन वेळा, १० मिनिटे लागली तर सहा वेळा. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२३ मध्ये किमान पाच वेळा असा आकडा सुचवला. या चाचणीच्या वेळी खोलीत मोजणारा एकटाच असावा, आणि त्यानेही यंत्रापासून लांब उभे राहावे.

जानेवारीत सकाळच्या शाळेत थंडी म्हणून खिडक्या लावतात, आणि आपल्याकडे फ्लूची एक लाट जानेवारी ते मार्चमध्येच असते, दुसरी पावसाळा सरता-सरता. एक खिडकी सताड उघडण्यापेक्षा समोरासमोरच्या दोन खिडक्या वीतभर उघड्या ठेवा. हवा जास्त बदलते आणि झोत कुणाच्या मानेवर बसत नाही. वरची तावदाने उघडत असतील तर ती आधी.

प्रश्न : आमचे पूर्व भागात एक खोली आणि स्वयंपाकघर. माणसे सहा. मोठ्या मुलाला फ्लू झालाय, सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. वेगळी खोली आणायची कुठून? – गृहिणी

ताई, वेगळी खोली नसली तरी हवेची दिशा तुमच्या हातात आहे. मुलाला खिडकीच्या बाजूला झोपवा आणि सासूबाईंना दाराकडे किंवा स्वयंपाकघरात. खिडकीत टेबल फॅन उलटा, म्हणजे तोंड बाहेर करून ठेवा, खिडकीपासून फूटभर आत. दार उघडे किंवा किमान खालची फट मोकळी ठेवा. आता दाराकडून आलेली हवा आधी सासूबाईंवरून, मग मुलावरून आणि पंख्यातून बाहेर, असा रस्ता तयार होतो.

खरेच तसा झालाय का, हे बघायला उदबत्ती लावा. दाराच्या फटीपासून दोन बोटांवर धरा. धूर घरात वाकला तर बरोबर. तो दाराबाहेर झुकत असेल, तर वारा खिडकीतून आत येतोय आणि पंखा त्याच्याशी झुंजतोय. पावसाळ्यात पश्चिमेकडच्या खिडकीत हे हमखास होते. तेव्हा पंखा दारात, तोंड बाहेर करून ठेवा आणि जागा अदलाबदल करा. मुलगा दाराशी, आजी खिडकीशी. दारासमोर शेजाऱ्यांचे दार असेल तर मात्र खिडकीच बरी, एकाचा ताप दुसऱ्याच्या घरात ढकलू नका.

छताचा पंखा बंद खोलीत नुसती हवा ढवळतो. खिडकी-दार उघडे असेल तर लावा, बंद असेल तर त्याच्यावर विसंबू नका. मुलाला जमेल तेवढा वेळ मास्क द्या, आणि त्याच्याजवळ जाणाऱ्याने एन-९५ लावावा. नाकावरची पट्टी दाबून, गालाशी फट न ठेवता. कापडी मास्क यात फारसा कामाचा नाही. पहिले पाच दिवस सर्वांत जपायचे. सासूबाईंना धाप लागली, छातीत दुखले किंवा बोलण्यात गोंधळ वाटला तर वाट न बघता दवाखाना.

डासांमुळे रात्री खिडकी बंद करावी लागते असेही तुम्ही लिहिलेय. खिडकीला जाळी लावण्याऐवजी झोपणाऱ्यांवर मच्छरदाणी लावा. खिडकी पूर्ण उघडी राहते.

प्रश्न : अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर काम करतो. पत्र्याची शेड ६० बाय ४०, आम्ही दहा जण. सूत तुटते म्हणून मालक खिडक्या उघडू देत नाहीत. शेजारीच १० बाय १२ च्या खोलीत सहा जण जेवतो, झोपतो. एकाला खोकला झाला की सगळ्यांना होतो. – यंत्रमाग कामगार

तुम्ही शेडला दोष देताय, पण हिशेब वेगळे सांगतो. सरासरी १४ फूट उंची धरली तर शेडमध्ये ९५० घनमीटर हवा आहे आणि माणसे दहा. त्यांना लागणारी बाहेरची हवा तासाला ३६० घनमीटर. पत्र्याच्या फटींतून आणि सतत उघडणाऱ्या दारातून एवढी हवा बहुधा येतेच. झोपायच्या खोलीत मात्र आठ फूट उंची धरली तरी २७ घनमीटर हवा, माणसे सहा, आणि रात्रीचे आठ तास. तिथे दर तासाला आठ वेळा हवा बदलायला हवी, आणि दार लावून झोपल्यावर ती एकदाही बदलत नसेल. खोकला बहुतेक त्या खोलीत पसरतो.

त्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीत छताजवळ नऊ इंची एक्झॉस्ट, आणि समोरच्या बाजूला दाराच्या खालच्या फळीत फूट बाय दीड फुटाची जाळीची चौकट, एवढे करून घ्या. दार शेडमध्ये उघडत असेल तर त्या चौकटीसमोर कापसाची तूस साचते. आठवड्याला ब्रशने झाडा. पंख्याच्या पात्यांवरही तूस बसते, पाती जड होतात आणि पंखा रोज थोडा थोडा मंदावतो.

शेडमध्ये मालकांना सुताला दमटपणा हवा, तुम्हाला हवा हवी. दोन्ही जमते. एका भिंतीला कूलरसारखी ओल्या पॅडची पट्टी आणि समोरच्या भिंतीला मोठे एक्झॉस्ट, जसे बंदिस्त कुक्कुटपालनाच्या शेडमध्ये असते तसे. हवा पॅडमधून ओली होऊनच आत येते. तेवढा खर्च नको असेल तर पत्र्याच्या कण्याजवळ वाऱ्यावर फिरणारे टर्बो व्हेंटिलेटर बसवा. तापलेल्या पत्र्याखालची हवा आपोआप वर जाते, वीज लागत नाही. मात्र खालून हवा यायला वाट नसेल तर ते वाऱ्याने नुसते गरगरतात.

मागाच्या खटखटाटात एकमेकांच्या कानाशी ओरडून बोलावे लागते. ओरडताना हळू बोलण्याच्या कित्येक पट तुषार बाहेर पडतात, आणि कान म्हणजे तोंडापासून वीतभर अंतर. खुणांची भाषा तुमच्याकडे असतेच, खोकला असेल त्या दिवशी तिच्यावरच भागवा.

दोन गोष्टी वेगळ्या. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी मोफत तपासून घ्या. क्षय हा विषाणूचा नव्हे, जिवाणूचा रोग, पण पसरतो याच वाटेने. आणि साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळून येत असेल, नंतर बरे वाटत असेल, तर ते कापसाच्या धुळीचे दुखणे असू शकते. ते डॉक्टरांना मुद्दाम सांगा, विचारल्याशिवाय त्यांना कळणार नाही.

प्रश्न : देवळाच्या सभागृहात दर एकादशीला दोन तास भजन असते. शेजाऱ्यांना आवाज नको म्हणून दारे लावतो. – भजनी मंडळ, भवानी पेठ

मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका गायक मंडळाचा अडीच तासांचा सराव झाला. ६१ जण हजर, त्यातले ५३ आजारी पडले. गाताना श्वास खोल असतो आणि तुषारही जास्त. साथ असेल त्या महिन्यात भजन मंडपात किंवा पटांगणात घ्या. सभागृहातच घ्यायचे तर शेजाऱ्यांकडची दारे लावा, उलट बाजूची सगळी उघडा, आणि एका अभंगानंतर नव्हे तर दर अर्ध्या तासाने दहा मिनिटे सगळे बाहेर या. ज्याचा घसा बसलाय त्याने टाळही घरीच ठेवावेत.

प्रश्न : साखर पेठेत दवाखाना आहे. तपासणीची खोली १० बाय १०. गोवराचा रुग्ण येऊन गेला तर खोली किती वेळ रिकामी ठेवावी? यूव्ही (जंतू मारणाऱ्या अतिनील किरणांची) ट्यूब लावू का? – डॉक्टर

गोवराचा विषाणू रुग्ण गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो, म्हणून हवा बदलण्याचा वेग माहीत नसेल तर दोन तास. वेग माहीत असेल तर कमी : तासाला १२ वेळा हवा बदलत असेल तर हवेतले ९९ टक्के कण जायला २३ मिनिटे, सहा वेळा असेल तर ४६ मिनिटे, दोनच वेळा असेल तर १३८. तुमची खोली दहा फूट उंच धरली तर २८ घनमीटर. १२ वेळांसाठी तासाला ३४० घनमीटर लागेल. चांगल्या नऊ इंची एक्झॉस्टला हे जमते.

खुर्च्यांची जागा पंख्याइतकीच महत्त्वाची. हवा आत येते त्या बाजूला तुम्ही, हवा बाहेर जाते त्या बाजूला रुग्ण. बहुतेक दवाखान्यांत डॉक्टर एक्झॉस्टखाली बसतात आणि रुग्ण दाराशी, म्हणजे प्रत्येकाचा खोकला डॉक्टरांवरून बाहेर. टेबल फिरवायला पैसे लागत नाहीत.

उघडी यूव्ही ट्यूब माणसे असताना लावूच नका, डोळे आणि कातडी भाजते. छताजवळची, पाकळ्यांनी झाकलेली, किरण फक्त वरच्या पट्ट्यात सोडणारी यंत्रे चांगली असतात. वेल्स दांपत्याने १९४० च्या सुमारास फिलाडेल्फियाच्या शाळांत गोवराविरुद्ध तीच पद्धत वापरली होती. पण ती सात फुटांच्या वर बसवावी लागतात, छत आठ-साडेआठ फुटांहून उंच लागते, आणि खालची हवा वर जावी म्हणून मंद पंखा लागतो. ते मोजून बसवणारा माणूस मिळत नसेल तर पैसे एक्झॉस्टवर घाला. प्रतीक्षेचा बाक मात्र आजच ओसरीवर काढा.

प्रश्न : घरच्या घरी फिल्टरची पेटी करतात म्हणे. सोलापुरात मिळणाऱ्या सामानात होईल का? – पदविका अभियांत्रिकीचा विद्यार्थी

होईल. अमेरिकेत २०२० मध्ये रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेंथल यांनी ही कल्पना पुढे आणली. तिकडे चौकोनी बॉक्स फॅन मिळतो, तो आपल्याकडे नाही. बारा इंची, ९०० फेऱ्यांचा एक्झॉस्ट घ्या. फिल्टर २० बाय २० बाय २ इंचाचे, घड्यांचे, चार. दर्जा मर्व्ह १३ (फिल्टर किती बारीक कण अडवतो त्याची अमेरिकी श्रेणी), आपल्याकडच्या औद्योगिक फिल्टरवाल्यांकडे तो एफ ७ या नावाने विचारा. हेपा (सर्वांत दाट जातीचा फिल्टर) घेऊ नका. त्याचा अडथळा एवढा असतो की एक्झॉस्ट नुसता घुमतो, हवा ओढत नाही.

चारही फिल्टर उभे करून चौकोन करा. प्रत्येकाची एक कड शेजारच्याच्या तोंडावर टेकवा, भिंगरीच्या पात्यांसारखी, म्हणजे बाहेरून बाजू बरोबर २२ इंच होते. फिल्टरच्या चौकटीवर बाण असतो, चारही बाण आत. तळाला आणि डोक्यावर ६ मिलिमीटरचा २२ इंची प्लाय. वरच्या प्लायला पंख्याच्या कड्याच्या मापाचे गोल भोक पाडून पंखा असा बसवा की हवा पेटीतून ओढून वर फेकली जाईल. सगळे सांधे दोन इंची टेपने बंद. मग पंखा चालू करून उदबत्ती सांध्यासांध्यांवरून फिरवा. धूर फिल्टरच्या घड्यांत शिरायला हवा, टेपच्या कडेत शिरत असेल तर तिथे आणखी टेप. वायर तीन पिनांची, अर्थिंगसह. रात्री कुणी नसताना चालू ठेवू नका.

हिशेब करताना खोक्यावरचा आकडा विसरा. पंख्याला फिल्टरमधून ओढायचे असते, त्यामुळे वारा निम्म्यावर येतो, आणि मर्व्ह १३ एक ते तीन मायक्रॉनचे किमान ८५ टक्के, त्याहून बारीक किमान ५० टक्के कण अडवतो. १,२०० घनमीटरच्या पंख्याची पेटी ४०० ची धरा. २५ बाय २० बाय ११ फुटांच्या वर्गाला (१५६ घनमीटर) दोन पेट्या दिल्या की तासाला पाच वेळा हवा गाळली जाते. पेटी भिंतीपासून फूटभर लांब, कूलरच्या ओल्या झोतापासून दूर.

फिल्टर धुऊ नका. त्यातल्या धाग्यांवर स्थिर विद्युतभार असतो, बारीक कण त्याला चिकटतात. साबणाचे पाणी किंवा सॅनिटायझर लागले की तो जातो, आणि दिसायला स्वच्छ फिल्टर निकामी होतो. एन-९५ मास्कचेही हेच. सोलापूरच्या धुळीत बाहेरून डासांची जाळी गुंडाळा, ती झाडत राहा. फिल्टर सहा महिन्यांनी, वर्दळीच्या जागी त्याआधीच बदला. पेटीने कार्बन डायऑक्साइड कमी होत नाही, त्यामुळे मीटरचा आकडा चढलेलाच दिसेल. पेटी चालत नाही असे त्यावरून समजू नका, पण खिडकीही विसरू नका.

प्रश्न : कापूर, धूप, ओझोन यंत्र यांनी हवा शुद्ध होते का? – अनेक वाचक

नाही. धूप-कापराचा धूर म्हणजे हवेत आणखी बारीक कण. दम्याच्या माणसाला त्रास होतो. देवापुढे लावा, औषध म्हणून नको. ओझोन फुफ्फुसाला घातक आहे. एअर प्युरिफायर घेताना ‘आयन’, ‘प्लाझ्मा’ वगैरे शब्द सोडून द्या आणि सीएडीआर, म्हणजे यंत्र तासाला किती स्वच्छ हवा देते, हा आकडा विचारा. १० बाय १२ ची दहा फुटी खोली ३४ घनमीटर, तिला पाच वेळांसाठी १७० घनमीटर प्रति तास हवे, तेही ज्या गतीवर तुम्ही झोपू शकाल त्या गतीवर. दुकानदार सर्वांत वेगवान गतीचा आकडा सांगतो.

प्रश्न : आमचे मंगळवेढ्याकडचे जुने माळवदाचे (मातीच्या सपाट छताचे) घर. छतात सवणं (उजेड-हवेसाठी ठेवलेले भोक) आहे. धूळ येते म्हणून ते सिमेंटने बुजवावे असे मुलगा म्हणतो. – ज्येष्ठ वाचक

बुजवू नका, आजोबा. पेरूतल्या लिमा शहरात रुग्णालयांची हवा मोजली, ते निष्कर्ष २००७ मध्ये आले. १९५० पूर्वीच्या उंच छतांच्या, मोठ्या खिडक्यांच्या वॉर्डात खिडक्या उघड्या असताना हवा तासाला ४० वेळा बदलत होती, नव्या इमारतींत १७ वेळा, आणि यंत्रांनी हवा बदलणाऱ्या खोल्यांसाठी ठरलेला आकडा होता १२. तुमचे सवणं हेच काम करते : गरम, वापरलेली हवा वर जाते, दारातून नवी येते. त्यावर पत्र्याची छोटी टोपी चार खुंट्यांवर चार बोटे वर उचलून बसवा, बाजूंना जाळी. पाऊस आणि पाचोळा बाहेर राहतो, हवा चालू राहते.

प्रश्न : होटगी रोडला फ्लॅट आहे. तुमचे मागचे लेख वाचून हॉलमध्ये मोठा एक्झॉस्ट बसवला. बाथरूममध्ये गॅस गिझर आहे. काही अडचण नाही ना?

आहे. आजपासून गिझर चालू असताना एक्झॉस्ट बंद ठेवा. खिडक्या लावलेल्या फ्लॅटमधून मोठा पंखा हवा ओढू लागला की तेवढी हवा कुठून तरी आत यावी लागते, आणि ती गिझरच्या धुराड्यातून किंवा बाथरूमच्या डक्टमधून उलटी येते. तिच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड येतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तुमचा कार्बन डायऑक्साइड मीटर तो दाखवत नाही. अंघोळीत डोके जड होणे, मळमळ, पाय लटके पडणे ही खूण आहे. तसे झाले तर आधी गॅस बंद, दार उघडे, माणूस बाहेर, मग दवाखाना. गिझर बाल्कनीत मोकळ्या हवेत हलवून घ्या, नळ तेवढा आत आणा. तोवर एक्झॉस्ट लावायचा असेल तेव्हा हॉलची समोरची खिडकी निम्मी तरी उघडी, आणि स्वयंपाकघरात गॅस पेटलेला असेल तर तिथलीही.